अप्पा आधी झोपतो

तिसऱ्या रांगेतला माणूस झोपलाय हे उत्तराच्या लक्षात आलं, तेव्हा ती पुस्तकाच्या चौथ्या पानावर होती.

कोप्पीकर रोडवरचं गोविंदअण्णांचं पुस्तकांचं दुकान. श्रावणातला रविवार, सकाळचे अकरा. बाहेर पावसाची झिमझिम आणि रिक्षांची पों-पों. आत सतरंजीवर अठरा-वीस मुलं आणि त्यांच्यामागे खुर्च्यांवर आईबाप. उत्तरा एका शाळेत चित्रकला शिकवायची. पोरांपुढे उभं राहणं तिला नवीन नव्हतं. पण स्वतः लिहिलेलं, स्वतः चितारलेलं पुस्तक चार लोकांत वाचून दाखवायची ही पहिलीच वेळ. आणि अशा वेळी समोर एक उंच, सडपातळ माणूस भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून शांतपणे झोपला होता.

पुस्तकाचं नाव होतं ‘अप्पा आधी झोपतो’. वर मराठी ओळ, खाली तीच कन्नडमध्ये. एक अप्पा रोज निजताना लेकीला गोष्ट वाचून दाखवायला बसतो आणि चौथ्या पानावर त्याचेच डोळे मिटायला लागतात. तोंड मात्र चालूच राहतं. मग गोष्टीत त्याचं दिवसभराचं काम शिरतं. वाघ पाइप जोडायला निघतो, ससा युरियाची पोती मोजतो. मुलं खिदळत होती.

“मग राणीने दासीला बोलावलं,” उत्तरा वाचत होती, “आणि हळूच तिच्या कानात म्हणाली...”

पान उलटण्याआधी ती मुद्दाम थांबली. तेवढ्यात पुढ्यात बसलेली दोन वेण्यांची मुलगी, परवचा म्हणावा तसं, सरळ आवाजात म्हणाली, “उद्या सहाला पंप सुरू करा, नाहीतर जोंधळा वाळंल.”

उत्तराचा हात पानावरच थांबला. पुढच्या पानावर हेच वाक्य होतं. अक्षर न् अक्षर हेच. पुस्तक गुरुवारी बेळगावच्या छापखान्यातून आलेलं, गठ्ठा आज सकाळी सुटलेला. या मुलीने ते वाचलेलं असणं शक्यच नव्हतं.

आणि तो आवाज... तो आवाज उत्तराने दोन वर्षं रोज ऐकला होता. चेहरा आज पाहत होती.

तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. घोरणं सुरू झालं होतं. तीन आखूड आणि एक लांब. तेही तिच्या ओळखीचं होतं.

मुलगी उठून त्या माणसापाशी गेली आणि त्याचा गुडघा हलवत म्हणाली, “अप्पा, एळ. उठ. इथं आपलीच गोष्ट चाललीय.”

तो दचकून जागा झाला आणि सवयीनेच बोलून गेला, “हां... मग वाघ म्हणाला—”

सगळं दुकान हसलं. गोविंदअण्णा तर गल्ल्यामागे डोळे पुसायला लागले. फक्त उत्तरा हसली नाही, आणि थोड्या वेळाने तोही हसायचा थांबला.

कार्यक्रम संपल्यावर तो टेबलापाशी आला. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर आलेले दाट केस, डोळ्यांत अजून झोप. त्याने उभ्याउभ्याच पुस्तक चाळलं. पुस्तकातला अप्पा टकला होता, ढेरपोट्या होता, बनियनला दोन भोकं होती आणि मिशा केरसुणीसारख्या. शेवटच्या पानापर्यंत जाऊन त्याने पुस्तक नीट मिटलं.

“तुम्ही राहता कुठं?” त्याने विचारलं.

“नवनगर. चौथा क्रॉस.”

“आम्ही तिसऱ्या क्रॉसला.” त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. “पाठीला पाठ.”

“चित्रं चांगली आहेत,” एवढंच तो म्हणाला, मुलीचा हात धरला आणि छत्री न उघडताच रस्त्यावर उतरला. मुलीने मात्र दोनदा वळून पाहिलं.

*

नवनगरात आडव्या गल्ल्यांना क्रॉस म्हणतात, आणि तिथं अशी घरं आहेत. एकाचं दार या रस्त्यावर, दुसऱ्याचं त्या रस्त्यावर, आणि मागची भिंत दोघांत एक. दुधवाला वेगळा, इस्त्रीवाला वेगळा. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी उत्तरा चौथ्या क्रॉसच्या घरात भाड्याने राहायला आली. वडील गेलेले, आई भावाकडे पुण्याला. लग्न एकदा ठरून मोडलेलं. मुलगा म्हणाला होता, ही बोलतच नाही, हिच्या मनात काय चाललंय कळायचं कसं? आपल्याला बोलायला वेळ लागतो हे उत्तरालाही ठाऊक होतं. तिला ऐकायला आवडायचं.

भिंतीला कान असतात म्हणतात. तिच्या निजायच्या खोलीतल्या भिंतीला तोंडही होतं. पहिल्याच आठवड्यात, रात्री नऊच्या सुमाराला, ती पोरांचे चित्रांचे कागद तपासत बसली असताना पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. तो सशाची गोष्ट वाचत होता. वाचता वाचता आवाज जड झाला, लांबला, आणि सशाने कासवाला विचारलं की, युरियाची पोती उतरवली का? मग एक बारीक, करारी आवाज म्हणाला, “साकू अप्पा, पुरे. तू झोप.” उत्तराला इतकं हसू आलं की तिने तोंडावर उशी दाबून धरली.

त्या दिवसापासून नऊ वाजले की ती टीव्ही बंद करायची, भिंतीला पाठ लावून बसायची. आधी गंमत म्हणून दोन-चार चित्रं काढली. मग वही भरली. गोविंदअण्णांनी ती वही पाहिली, बेळगावच्या एका प्रकाशक मित्राकडे पाठवली, आणि पुढचं सगळं भराभर झालं. पलीकडे जाऊन सांगावं असं तिच्या मनात कितीदा आलं. वळसा घालून जायला दोन मिनिटं लागली असती. पण जाऊन सांगायचं काय — मी रोज तुमचं ऐकते? जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं, आणि शेवटी ती गेलीच नाही.

त्या रविवारी रात्री नऊ वाजता भिंत बोलली नाही. पलंग सरकवल्याचा आवाज तेवढा आला. मग काहीच नाही.

सोमवारीही नाही. मंगळवारीही नाही.

पहिले दोन दिवस उत्तराला नुसती लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. शाळेतल्या एका मैत्रिणीने जेवायला थांबवलं असताना तिने सवयीने घड्याळ पाहिलं, आणि मग आठवलं, घरी लवकर जायचं आता काही कारण नाही. दोन वर्षं ती नऊच्या आत घरी पोचायची. लग्नाच्या पंगतीतून उठून यायची, बहिणीचा फोन ‘उद्या करते’ म्हणून ठेवायची. दोन वर्षं ती रोज कुणाच्या तरी घरी जाऊन येत होती. त्या घराला तेवढं माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिने पुस्तकाची सगळी मूळ चित्रं एका फाइलमध्ये घातली, छत्री घेतली, आणि ती वळसा घालून तिसऱ्या क्रॉसला गेली.

*

दार त्या मुलीनेच उघडलं. तिने उत्तराला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, “अप्पा, भिंतीतली अक्का आलीय.”

तो स्वयंपाकघरात भाकरी थापत होता. दोन्ही हात पिठात. ‘या, बसा’ म्हणाला, पण भाकरी तव्यावर असल्याने त्याला बाहेर येता येईना, म्हणून उत्तराच दाराशी जाऊन उभी राहिली. येताना तिने मनात जुळवलेली सगळी वाक्यं भाकरीच्या वासात विरघळून गेली.

माझं चुकलं, असं ती म्हणाली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ही मूळ चित्रं तुमची आहेत. प्रकाशकांना कळवलंय, तुम्ही नको म्हणालात तर पुढची आवृत्ती निघणार नाही.

त्याने भाकरी उलटली. त्याचं नाव सुमंत, मुलीचं दीपश्री. तो कृषी विद्यापीठात जोंधळ्याच्या वाणांवर काम करत होता, दिवसभर उन्हात शेतात. शाळा सुटली की दीपश्री केलगेरीला आजीकडे जायची, संध्याकाळी तो तिला घरी आणायचा. स्वयंपाक, अभ्यास, जेवण, आणि मग नऊ वाजता गोष्ट. तोवर अंगात काही उरायचंच नाही, हे सगळं त्याने सांगितलं, जणू खुलासा त्यालाच द्यायचा होता.

दीपश्री फाइल घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. मग त्याने आवाज खाली आणला.

“अजून काय काय ऐकलंत?”

‘काही नाही’ म्हणता आलं असतं. उत्तराने छत्रीच्या मुठीकडे पाहिलं. “एकदा... दोन वर्षांपूर्वी. तुम्ही झोपेत म्हणालात, स्नेहा, दार उघडंच आहे.”

भाकरीला करपल्याचा वास सुटला तरी तो हलला नाही. मग गॅस बंद करून त्याने सांगितलं. स्नेहा, दीपश्रीची आई. भांडण नव्हतं, नुसतं जमलं नाही. चार वर्षं झाली. ती आता हैदराबादला असते, तिने दुसरं लग्न केलंय, रविवारी न चुकता फोन करते, मे महिन्यात लेकीला नेते. पण सुरुवातीला कितीतरी दिवस आपण रात्री दाराची कडी लावत नव्हतो, तो म्हणाला. आणि हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“ते पुस्तकात घातलं नाहीत,” तो म्हणाला.

“ते माझं नव्हतं.”

“आणि बाकीचं होतं?”

“नाही...” उत्तरा म्हणाली. “पण बाकीचं मला आवरलं नाही.”

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकंही नाही. पण त्याने करपलेली भाकरी बाजूला ठेवली, नवा उंडा घेतला आणि विचारलं, जेवून जाणार का.

जेवताना दीपश्रीने तक्रार मांडली. पुस्तक बरं आहे, पण शेवट चुकलाय. शेवटच्या पानावर मुलगी अप्पाला पांघरूण घालते, दिवा बंद करते आणि झोपते. असं कधीच होत नाही.

“मग काय होतं?” सुमंतने विचारलं.

“तू झोपलास की उरलेली गोष्ट मी वाचते. मोठ्यानं. अक्काला ऐकू जायला पाहिजे ना.”

उत्तराने ते ऐकलं होतं. अप्पाचा आवाज बंद पडला की तो बारीक आवाज अडखळत, जोडाक्षरांवर ठेचकाळत पुढे जायचा. पण ती हळूच म्हणाली, “मला वाटायचं, तू बाहुलीला वाचून दाखवतेस.”

“माझ्याकडं बाहुली नाही,” दीपश्री म्हणाली. “तुला एकदा शिंका आल्या होत्या. सात. मग मला कळलं, तिथं कुणीतरी जागं आहे. अप्पा झोपला तर तुझी गोष्ट अर्धीच राहिली असती.”

उत्तराने पाण्याचा पेला उचलला आणि तो बराच वेळ तोंडापाशी धरून ठेवला. सुमंत लेकीच्या ताटात लोणी वाढत होता, गरज नसताना, दुसऱ्यांदा. तिला वाचता येत नाही अजून, असं तो शाळेत बाईंना सांगून आला होता.

दुसऱ्या दिवशी पलंग परत भिंतीपाशी आला. नऊ वाजता भिंतीवर दोन टिचक्या वाजल्या. उत्तरा बसल्या जागी दचकली. मग तिने हात वर केला आणि दोन टिचक्या परत दिल्या.

*

पुढच्या आवृत्तीत शेवट बदलायचा हे ठरलं. दीपश्रीची दुसरी अट अशी की, अप्पाला केस पाहिजेत. त्यासाठी उत्तरा रविवारी तिसऱ्या क्रॉसला जाऊ लागली.

सुमंतचं चित्र काढणं सोपं नव्हतं. खुर्चीत नीट बसवून ‘हलू नका’ म्हटलं की पाच मिनिटांत त्याची मान कलायची. उत्तरा काढत राहायची. डाव्या भुवईतला व्रण, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची गोरी रेघ, उन्हाने तांबूस पडलेल्या पापण्या. मुलांच्या पुस्तकातल्या अप्पाला एवढ्या पापण्यांची गरज नव्हती. तरी ती काढत राहायची.

एकदा त्याने डोळे न उघडताच विचारलं, “झालं का?”

“झोपला नव्हतात?”

“झोपलो होतो. तुमची पेन्सिल थांबली म्हणून जाग आली.”

“पेन्सिल थांबलेली कळते तुम्हाला?”

“तुम्हाला भिंतीतून शिंक कळवता येते,” तो म्हणाला, “मला एवढंही कळू नये?”

उत्तराने मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढलं. टोक आधीच होतं.

गणपती आले, गेले. नवरात्रात दीपश्रीने ती फाइल पुन्हा सगळी जमिनीवर पसरली, आणि दोन जाड कागदांच्या मध्ये अडकलेलं एक चित्र तिच्या हाती लागलं. पुस्तकात नसलेलं. त्यात एक सडपातळ तरुण माणूस पलंगाला टेकून झोपला होता. दाट केस, छातीवर उघडं पुस्तक, ओठांवर अर्धवट हसू. मागच्या बाजूला तारीख होती, दीड वर्षापूर्वीची.

“हा कोण?” दीपश्रीने विचारलं. “अप्पासारखा दिसतो.”

सुमंतने चित्र हातात घेतलं. खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं.

“तेव्हा तर तुम्ही मला पाहिलंही नव्हतं,” तो म्हणाला.

“नव्हतं.”

“मग पुस्तकात हा का नाही? तो ढेरपोट्या का?”

उत्तरा रंगाच्या बाटल्यांची झाकणं लावत होती. एक लावलं, दुसरं लावलं, तिसरं काही केल्या बसेना. “पुस्तक...” ती म्हणाली, “पुस्तक लहान मुलांचं होतं.”

‘मला नाही कळलं,’ असं दीपश्रीने जाहीर केलं. सुमंत उठला आणि चहा टाकतो म्हणून आत गेला. नंतर कळलं, त्याने चहात साखरेऐवजी रवा घातला होता. उत्तराने तो चहा प्याला, आणि तिला चव कळलीच नाही.

*

त्यानंतर तीन आठवडे सुमंत फार बोलला नाही. रविवारी नीट ताठ बसायचा, चित्र काढून घ्यायचा, ‘बरंय’ म्हणायचा. टिचक्या रोज यायच्या, पण गोष्ट आता सरळ यायची. वाघ वाघासारखा वागायचा, राणी राणीसारखं बोलायची, आणि शेवटच्या पानावर गोष्ट संपायची. उत्तराला वाटलं, आपण नको ते बोलून बसलो. इतकी वर्षं गप्प राहून काही बिघडलं नव्हतं. एकदा तोंड उघडलं आणि सगळं सांडलं.

मग एका गुरुवारी गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली, तीही संपली. आणि भिंतीला अगदी तोंड लावून बोलल्यासारखा दीपश्रीचा आवाज आला.

“अक्का, ऐकतेस ना? अप्पाला हल्ली झोपच येत नाही. सगळी पुस्तकं हाच संपवतो. मला वाचायलाच मिळत नाही. तूच काहीतरी कर.”

मग सुमंतचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. “दीपश्री... झोप आता.”

उत्तरा त्या रात्री भिंतीला पाठ लावून बसली ती बसलीच.

रविवारी सुमंतच्या आईने, श्यामलाबाईंनी, तिला केलगेरीला जेवायला बोलावलं होतं. पुस्तकवाली मुलगी बघायची आहे, असा निरोप होता. स्वयंपाकाला वेळ होता, दीपश्री आजीबरोबर करंज्या भरायला बसली, आणि सुमंत म्हणाला, तळ्यापर्यंत जाऊन येऊ या.

पाऊस सरला होता. हवेत थंडीची पहिली बारीक धार. तळ्याचं पाणी काठोकाठ, त्यावर ढगांची सावली सरकत होती. दोघं बांधावरून चालत राहिली. एकमेकांत हातभर अंतर राखून, आणि ते अंतर मोजत.

“झोप का येत नाही?” शेवटी उत्तरानेच विचारलं.

तो चालायचा थांबला. “आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. बसमध्ये झोपलोय, परीक्षेत झोपलोय, स्वतःच्या मुंजीत झोपलोय. आता नऊ वाजता पुस्तक उघडतो आणि डोळे टक्क उघडे. पलीकडं तुम्ही बसलाय, एवढंच डोक्यात. म्हणून नीट वाचतो. चुकलो तर तुम्ही पुन्हा टकला काढाल.”

उत्तरा हसली. तो मात्र हसला नाही.

“परवा शेतात कणसांची नोंद करत होतो. वाणाच्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. उत्तरा. सरांनी विचारलं, हे नवीन वाण कुठलं?”

“मग?”

“म्हटलं, फार चांगलं आहे. पण अजून खात्री नाही.”

“कशाची?”

“आमच्या रानात रुजायला तयार होईल का, याची.”

वारा आला आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. उत्तराने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिच्या मनात इतकं काही होतं की त्यातलं कुठलं आधी काढावं हेच तिला कळेना. तिचं लग्न का मोडलं ते तिने त्याला सांगितलं. मी ऐकणारी आहे, ती म्हणाली. बोलायला मला वेळ लागतो. लोक कंटाळतात.

“मला वेळ आहे,” सुमंत म्हणाला. “मधे झोप लागली तर उठवा, एवढंच.”

“आणि दीपश्री?”

“तिला विचारलंय. तिची एक अडचण आहे. तुम्ही या बाजूला आलात तर पलीकडं कोण ऐकणार? मला उत्तर देता आलं नाही.”

उत्तरा पाण्याकडे पाहत राहिली. दोन वर्षं एका भिंतीला पाठ लावून बसलेली आपली मूर्ती तिला दिसली. अंधारात, गुडघे पोटाशी, हसू उशीत दाबून. त्या मुलीची तिला थोडी माया आली, आणि थोडी कीवही.

“पलीकडं कुणी नको,” ती म्हणाली. आवाज कापत होता, पण तिने तो कापू दिला. “सुमंत, मला समोर बसून ऐकायचंय. तुझं. दोघांचं.”

‘तू’ कधी म्हणून गेली ते तिला कळलं नाही; त्याला कळलं. मधलं हातभर अंतर त्याने एका पावलात संपवलं आणि तिच्या बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक हळूच सोडवलं. बोट मात्र सोडलं नाही. दोघं तशीच उभी राहिली. दुरून कुणाच्या तरी म्हशी पाण्यात उतरत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि परत जायला हवं हे दोघांनाही समजत होतं, पण कुणी निघायचं नाव काढत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा ताटं मांडून झाली होती. दीपश्रीच्या गालाला सारणाचं खोबरं लागलेलं. श्यामलाबाईंनी पळीतलं तूप तसंच धरून आधी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग उत्तराच्या.

“एनातु रे? काय झालं?”

“काही नाही आई,” सुमंत घाईघाईने पाटावर बसत म्हणाला, “भूक लागलीय.” त्याचे कान तांबडेलाल झाले होते.

दीपश्री एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. उत्तराने पाय धुतले, पदर नीट करावा तशी ओढणी सावरली, श्यामलाबाईंच्या शेजारी येऊन बसली, आणि म्हणाली, “मी सांगते.”